किरणोपचाराचा आराखडा

कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णाच्या घरची माणसे इस्पितळात एक प्रश्न हमखास विचारतात. तपासणीचा अहवाल हाती आला आहे, किरणोपचार करावयाचा असे डॉक्टरांनी सांगितले आहे, यंत्र समोर उभे आहे आणि ते चालविणारी माणसेही जागेवर आहेत. मग आजच आरंभ का होत नाही? आठ-आठ, दहा-दहा दिवस थांबावयास का सांगतात? बेळगावहून, पणजीहून किंवा इंदूरहून मुंबईला येऊन नातेवाइकांच्या दोन खोल्यांत उतरलेल्या कुटुंबाला हे आठ दिवस फार जड जातात. गाठ रोज वाढते आहे असे मनाने घेतलेले असते. आपला वशिला नाही म्हणून आपला कागद खाली दाबून ठेवला आहे, अशी शंकाही कुणीतरी हळूच बोलून दाखवितो.

यंत्रे थोडी आणि रुग्ण फार, यामुळे काही ठिकाणी रांगेतच दिवस मोडतात, हे खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु रांग मुळीच नसती तरी पहिल्या भेटीतच रुग्णाला यंत्राखाली निजवून बटण दाबावे असे सहसा झाले नसते. मधल्या दिवसांत एक काम चाललेले असते. ते रुग्णाला दिसत नाही, त्याचा आवाज होत नाही, आणि उपचाराचे यश बऱ्याच अंशी त्याच्यावरच अवलंबून असते. त्या कामाला किरणोपचाराची आखणी म्हणतात. तिची मूलतत्त्वे काय आहेत, हे आज आपण पाहू. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर बरे. थोडे अंकगणित करावे लागणार आहे. पण ते शाळेतल्या त्रैराशिकापलीकडचे नाही.

प्रथम किरण शरीरात काय करतात ते पाहिले पाहिजे. क्ष-किरण किंवा गॅमा किरण पेशींतून जाताना आपल्या ऊर्जेचा काही भाग तेथे ठेवून जातात. एक किलोग्रॅम पेशीद्रव्यात एक ज्यूल ऊर्जा मुरली म्हणजे एक ग्रे मात्रा झाली. लुई हॅरॉल्ड ग्रे या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावावरून १९७५ साली हे एकक रूढ झाले. त्यापूर्वी रॅड हे माप होते आणि १०० रॅडचा एक ग्रे होतो. नेहमीच्या उपचारात रुग्णाला दररोज सुमारे दोन ग्रे मिळतात. ही ऊर्जा उष्णतेच्या हिशेबाने किती असावी? तेवढ्याने पाण्याचे तापमान एका अंशाच्या सहस्रांशाच्या अर्ध्यानेही वाढत नाही. कपभर गरम चहा पिऊन आपण याहून कितीतरी अधिक ऊर्जा पोटात घालतो. म्हणूनच यंत्राखाली निजलेल्या रुग्णाला चटका बसत नाही, काही जाणवतही नाही, आणि ‘यंत्र खरोखर चालू झाले होते ना?’ असे तो बाहेर येऊन विचारतो. फरक आहे तो ऊर्जा कोठे आणि कशी पडते यात. चहाची उष्णता सर्वत्र सारखी पसरते. किरण मात्र अणूंतील इलेक्ट्रॉन उडवून लावतात, आणि त्या गडबडीत पेशीच्या केंद्रकातील डीएनएचा धागा तुटतो. दोन्ही पदर जवळजवळ तुटले तर ती पेशी पुढे विभागू शकत नाही आणि यथाकाल नाश पावते. हे तोडकाम कर्कपेशीत होते आणि निरोगी पेशीतही होते, कारण किरणांना आपपर ठाऊक नाही. म्हणून ते कोठे पडावेत आणि कोठे पडू नयेत, हे माणसाला ठरवावे लागते.

राँटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला तो १८९५ च्या नोव्हेंबरात. क्यूरी दांपत्याला रेडियम सापडले ते १८९८ च्या डिसेंबरात. त्यानंतर लवकरच डॉक्टरांनी हे किरण रोग्यांवर वापरून पाहण्यास सुरुवात केली. मोजण्याचे साधन नव्हते, तेव्हा कातडी लाल होईपर्यंत किरण द्यावयाचे, हेच त्यांचे माप होते. कातडीवरच्या व्रणाला ते चालून गेले. पण गाठ शरीराच्या आत चार बोटे खोल असली की हे माप निरुपयोगी ठरे, कारण आत पुरेशी मात्रा पोहोचण्याआधीच वरची कातडी जळून जाई.

या खोलीच्या प्रश्नापासूनच आखणीच्या शास्त्राला सुरुवात होते. आज इस्पितळांत सर्रास वापरले जाणारे सहा दशलक्ष व्होल्ट शक्तीचे क्ष-किरण घ्या. त्यांची मात्रा सर्वांत जास्त होते ती कातडीवर नव्हे, तर तिच्याखाली सुमारे दीड सेंटिमीटरवर. कारण किरणांनी उडविलेले इलेक्ट्रॉन पुढच्या दिशेने धावतात आणि थोडे आत गेल्यावर त्यांची गर्दी पूर्ण होते. कातडी बचावते ती यामुळे. त्या दीड सेंटिमीटरवरील मात्रा १०० धरली, तर दहा सेंटिमीटर खोलीवर ती सुमारे ६७ उरते आणि साडेअठरा सेंटिमीटरवर सुमारे ४२.

आता असे समजा, की शरीराची जाडी २० सेंटिमीटर आहे आणि गाठ बरोबर मध्यभागी, म्हणजे दहा सेंटिमीटर खोल आहे. तिला एकूण ६० ग्रे द्यावयाचे आहेत. एकाच बाजूने किरण सोडले तर गाठीला ६० मिळण्यासाठी कातडीखालच्या थराला सुमारे ९० ग्रे सोसावे लागतील. तेथील पेशी वाचणार नाहीत. म्हणून समोरून आणि मागून असे दोन बाजूंनी किरण सोडू. गाठीला ६७ आणि ६७ मिळून १३४ झाले. समोरच्या कातडीखालच्या थराला समोरून १०० आणि मागून येणारे ४२ असे १४२ झाले. म्हणजे गाठीला ६० दिले असता वरच्या थराला सुमारे ६४ मिळतात. नव्वदावरून चौसष्टावर आलो. पण अजून गाठीपेक्षा निरोगी थरालाच थोडे जास्त पडते आहे. आता डावी आणि उजवी बाजूही घेऊ, आणि सोयीसाठी तेथूनही अंतर तेवढेच धरू. गाठीवर चारही किरण एकत्र येतात, तेथे २६८ होतात. वरच्या थरातून मात्र त्याचा स्वतःचा आणि समोरासमोरचा असे दोनच किरण जातात, म्हणून तेथे १४२ च राहतात. हिशेब केला तर गाठीला ६० आणि वरच्या थराला सुमारे ३२. मात्रा तीच, यंत्र तेच. केवळ दिशा वाटून दिल्याने हे साधले. पालखीचे ओझे एका भोयाच्या खांद्यावर दिले तर तो मोडून पडेल; चार खांद्यांवर तीच पालखी कोस-दोन कोस सहज जाते.

याची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. दिशा वाढविल्या म्हणजे भार नाहीसा होत नाही, तो पसरतो. पूर्वी थोड्या जागेला पुष्कळ मात्रा मिळत होती, आता पुष्कळ जागेला थोडी मिळते. छातीसारख्या भागात, जेथे फुप्फुसाचा मोठा विस्तार थोड्या मात्रेनेही बिघडू शकतो, तेथे हा पसारा नेहमीच फायद्याचा ठरतो असे नाही.

शरीराच्या छेदाच्या चित्रावर सारख्या मात्रेचे बिंदू जोडून रेषा काढतात. भूगोलाच्या नकाशातील समोच्च रेषा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही कल्पना नवी नाही. डोंगराच्या उंचीऐवजी येथे मात्रेची उंची दाखविलेली असते, आणि शिखर गाठीवर यावे असा सारा खटाटोप असतो. एक काळ असा होता की हे सर्व हातांनी करीत. रुग्णाच्या अंगाभोवती मऊ शिशाची तार वळवून त्याची बाह्यरेषा कागदावर उतरवून घ्यावयाची, तिच्यावर एकेका किरणाचा छापील तक्ता पारदर्शक कागदावरून ठेवावयाचा, आणि रेषा जेथे छेदतात तेथल्या आकड्यांची बेरीज करीत बसावयाचे. मानेसारखा भाग पुढे निमुळता आणि मागे जाड असल्यामुळे बेरीज एका बाजूला वाढे. तेव्हा किरणांच्या वाटेत धातूची पाचर ठेवून जाड बाजूने किरण अडवावयाचे, म्हणजे दोन्हीकडे मात्रा सारखी होई. १९५५ साली त्सिएन या संशोधकाने छिद्रपत्रांवर चालणाऱ्या गणकयंत्राकडून ही बेरीज करवून दाखविली, आणि पुढे हळूहळू सारे काम संगणकाकडे गेले. तरीही या विद्येचा अभ्यास नव्याने करणाऱ्याने आरंभी दोन-चार आराखडे कागदावर हाताने करून पाहावेत, असे माझे मत आहे. पाचर उलटी ठेवली तर काय होते, हे ज्याने स्वतःच्या बेरजेत एकदा पाहिले त्याला संगणकाच्या पडद्यावरची चूक चटकन दिसते.

दिशा आणि मात्रा यांचा विचार झाला. पण नेम धरावयाचा तो कशावर? गाठ नेमकी कोठे आहे, हे पूर्वी हाडांच्या खुणांवरून आणि डॉक्टरांच्या बोटांनी ठरत असे. हाउन्सफील्डच्या यंत्राने १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले आणि ही स्थिती पालटली. आखणीसाठी सीटी स्कॅन दोन कामे करतो. तो आतील अवयव दाखवितो, आणि प्रत्येक ठिकाणच्या द्रव्याची घनताही सांगतो. हवेला उणे १०००, पाण्याला शून्य, हाडाला त्याहून बरेच वर, असे त्याचे अंक असतात. किरण हाडातून किती अडतील आणि फुप्फुसातून किती सहज जातील, हा हिशेब संगणक त्या अंकांवरून करतो.

रोगनिदानासाठी आधी काढलेला स्कॅन असताना पुन्हा दुसरा कशाला, ही तक्रार वारंवार ऐकू येते. तिचे उत्तर असे, की पहिल्या वेळी रुग्ण कसाही निजलेला होता. या वेळी तो उपचाराच्या यंत्रावर जसा निजणार, तंतोतंत तसाच निजलेला हवा. मंचकही तसाच सपाट, डोक्याखालची उशीही तीच. डोक्याचा किंवा मानेचा उपचार असेल तर प्लास्टिकची एक जाळीदार पाटी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवितात. थोड्या वेळात ती थंड होऊन त्या माणसाच्या चेहऱ्याचा साचा बनते. हा मुखवटा रोज चढवून मंचकाला पक्का केला म्हणजे मान रोज त्याच जागी येते. छाती-पोटाच्या रुग्णाच्या अंगावर तीन ठिकाणी खुणा करतात आणि भिंतींवरून येणाऱ्या लेझरच्या रेषा रोज त्या खुणांवर जुळवितात. ‘खुणा पुसू नका’ असे तंत्रज्ञ बजावून सांगतो, ते याकरिता. घरी गेल्यावर साबणाने चोळून स्वच्छ अंघोळ घालणारी माया येथे अडचणीची ठरते.

त्यानंतर डॉक्टर त्या स्कॅनच्या एकेका छेदावर सीमारेषा काढतात. अशा तीन सीमा एकात एक असतात. आतली सीमा दिसणाऱ्या गाठीची. तिच्याबाहेर दुसरी सीमा, जेथे गाठ दिसत नाही, परंतु कर्कपेशी पसरल्या असाव्यात असे त्या रोगाच्या स्वभावावरून समजते. आणि तिच्याबाहेर तिसरी, शुद्ध व्यवहाराची: रुग्ण श्वास घेतो, गिळतो, रोज केसभर इकडेतिकडे निजतो, तेवढी हलगर्ज धरूनही नेम चुकू नये म्हणून सोडलेली जागा. या तिहेरी सीमांची व्याख्या किरणमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९३ च्या आपल्या अहवालात करून दिली आणि तेव्हापासून जगभरच्या डॉक्टरांची भाषा एक झाली.

तिसऱ्या सीमेविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण मुखवट्याचे खरे मोल तेथे कळते. चार सेंटिमीटर व्यासाचा एक गोळा घ्या. त्याच्याभोवती चोहोकडून एक सेंटिमीटर जागा सोडली की व्यास सहा सेंटिमीटर झाला. घनफळ किती वाढले? सहाचा घन २१६, चाराचा ६४; म्हणजे सव्वातीन पटींहून अधिक. भोवतालचे निरोगी मांस गाठीच्या दुपटीहून जास्त भरले, आणि त्या सर्वाला पूर्ण मात्रा मिळणार. रुग्णाला पक्का बसवून ही जागा अर्ध्या सेंटिमीटरवर आणली, तर घनफळ दुपटीच्या आतच राहते. अर्ध्या सेंटिमीटरचा हा फरक मुखवट्याच्या घट्टपणावर, खुणांच्या जुळणीवर आणि रुग्णाच्या स्थिर निजण्यावर अवलंबून आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग फार आढळतात, तेव्हा उजव्या टॉन्सिलचा कर्करोग घेऊ. मानेतील एका लसिकाग्रंथीतही तो उतरला आहे. दिसणाऱ्या गाठीला ७० ग्रे, रोज दोनप्रमाणे ३५ दिवस, आठवड्याला पाच या हिशेबाने सात आठवडे. आणि संशयित भागाला त्याहून कमी, ५४ ते ६० ग्रे. हे डॉक्टरांनी ठरविले. पण शेजारी कोण कोण राहतात ते पाहा. मागे मज्जारज्जू आहे. बाजूला जबड्याचे हाड. दोन्ही कानांखाली लाळेच्या मोठ्या ग्रंथी. खाली स्वरयंत्र आणि गिळण्याचे स्नायू.

प्रत्येक शेजाऱ्याची सोसण्याची रीत निराळी असते. मज्जारज्जू साखळीसारखा आहे. एक कडी तुटली की साखळी तुटली. तेथे सरासरी मात्रा कमी आहे हे समाधान कामाचे नाही. त्याच्या कोणत्याही बिंदूला ४५ ते ५० ग्रेची मर्यादा ओलांडू द्यावयाची नाही, कारण ओलांडली तर कित्येक महिन्यांनी हातपाय लुळे पडण्याचा धोका असतो आणि त्यावर औषध नाही. लाळेची ग्रंथी दोरखंडासारखी आहे. काही धागे तुटले तरी बाकीचे काम ओढून नेतात. तेथे पाहावयाची ती सरासरी, आणि ती सुमारे २६ ग्रेच्या आत राहिली तर ग्रंथी पुढे बरीचशी सावरते. फुप्फुस आणि यकृत यांचाही स्वभाव दोरखंडाचाच.

म्हणून आखणी करणारा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ प्रत्येक अवयवाचा एक आलेख काढतो: त्या अवयवाच्या किती टक्के भागाला किती मात्रा मिळते. गाठीची रेषा पूर्ण मात्रेपर्यंत आडवी जाऊन तेथे कड्यासारखी तुटावी, आणि शेजाऱ्यांच्या रेषा लवकर खाली याव्यात, हे त्याचे ध्येय. पण या आलेखात एक फसगत आहे. अमुक टक्के भागाला जास्त मात्रा मिळाली एवढे तो सांगतो. तो भाग कोठला, हे सांगत नाही. गाठीचा दोन टक्के भाग उपाशी राहिला असेल तर तो कडेचा आहे की गाभ्यातला, यावर रोग उलटण्याचा प्रश्न अवलंबून असतो. तेव्हा आलेख पाहून झाल्यावर पुन्हा एकेक छेद डोळ्यांखालून घालावा लागतो. वेळ जातो तो येथे.

पूर्वी आखणी करणारा अगोदर किरणांच्या दिशा ठरवी आणि मग मात्रा काय येते ते पाही. आता पुष्कळदा उलट करतात. गाठीला इतके हवे, रज्जूला इतक्याहून जास्त नको, ग्रंथीला सरासरी इतके, अशा अटी संगणकाला घालावयाच्या. आणि कोणत्या दिशेने, किरणांच्या झोताच्या कोणत्या भागात किती तीव्रता ठेवावी हे त्याने शोधावयाचे. हा विचार स्वीडनच्या आंडेर्स ब्राह्मे या शास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात मांडला. यंत्राच्या तोंडाशी टंगस्टनच्या पातळ पात्यांच्या दोन रांगा असतात. त्या पुढेमागे सरकून झोताला हवा तो आकार देतात आणि तीव्रता कमीजास्त करतात. याचा लाभ मोजलेला आहे. घशाच्या कर्करोगाच्या ९४ रुग्णांवर ब्रिटनमध्ये केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बारा महिन्यांनंतर तोंड त्रासदायकरीत्या कोरडे राहिलेले रुग्ण जुन्या पद्धतीत ७४ टक्के होते, तर या पद्धतीत ३८ टक्के. ज्याला कोरडी भाकरी गिळताना प्रत्येक घासाला पाणी प्यावे लागते, त्यालाच या आकड्यांचे महत्त्व पुरते कळेल.

तथापि संगणक मागितलेले देतो, मनातले देत नाही. ज्या अवयवाची सीमा काढावयाची राहिली तो अवयव त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो, आणि नको असलेली मात्रा तो निःशंकपणे तेथे लोटून देतो. शिवाय सर्वच अटी एकदम पुऱ्या होत नाहीत. उजव्या बाजूची गाठ उजव्या लाळग्रंथीला खेटून असेल, तर त्या ग्रंथीला वाचविण्यासाठी गाठीची कड उपाशी ठेवावयाची का? बहुधा ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागते. उजवी ग्रंथी सोडून द्यावयाची आणि डावी जपावयाची. हा निर्णय यंत्राचा नाही. डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ शेजारी बसून तो घेतात, आणि कधी कधी एका रुग्णाचे तीन-चार आराखडे करून त्यांतला एक निवडतात. या कामासाठी भौतिकशास्त्राचे पदवीधर लागतात. त्यांना शिकविण्याचा अभ्यासक्रम भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६२ पासून चालत आला आहे.

सर्वच ठिकाणी अशी महाग यंत्रे नाहीत. १९५१ साली कॅनडात प्रथम वापरात आलेले कोबाल्टचे यंत्र भारतात अद्याप काम करीत आहे. भाभा केंद्राने ‘भाभाट्रॉन’ या नावाने ते स्वदेशी बनविले आणि त्याला लागणारा कोबाल्ट राजस्थानातील रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांत तयार होतो. साध्या यंत्रावर नीट केलेली आखणी ही मोठ्या यंत्रावर घाईने केलेल्या आखणीपेक्षा केव्हाही बरी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणांचा उगम शरीराच्या आतच नेऊन ठेवतात. तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

आता त्या पस्तीस दिवसांविषयी. सारी मात्रा एकदाच देऊन मोकळे का करीत नाहीत? पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लोद रेगो या शास्त्रज्ञाने मेंढ्यांवर प्रयोग केले. एकाच बैठकीत भरपूर किरण देऊन मेंढ्याची बीजोत्पत्ती बंद करू पाहिली, तर वरची कातडी भयंकर भाजे. तेच किरण अनेक दिवसांत विभागून दिले तर बीजोत्पत्ती थांबे आणि कातडी टिकून राही. भराभर विभागणाऱ्या कर्कपेशींचेही तसेच असावे, हा तर्क त्यातून निघाला, आणि त्याच संस्थेतील आंरी कूतार यांनी १९२० नंतरच्या वर्षांत घशाच्या कर्करोगावर तो खरा करून दाखविला. दोन मात्रांच्या मधल्या अवकाशात निरोगी पेशी आपले तुटलेले धागे सांधून घेतात. कर्कपेशींना ते तितके साधत नाही. सर्व रोगांना सारखेच दिवस लागतात असे मात्र नव्हे. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर २५ दिवसांत ५० ग्रे देत. ब्रिटनमधील चाचण्यांनंतर १५ दिवसांत ४० ग्रे रूढ झाले, आणि २०२० साली पाच दिवसांत २६ ग्रेही तितकेच उपयोगी ठरल्याचे प्रसिद्ध झाले. हाडांतल्या वेदना शमविण्यास कित्येकदा ८ ग्रेची एकच बैठक पुरते.

घशाच्या रोगात मात्र दिवस चुकविणे महागात पडते. उपचार सुरू होऊन सुमारे चार आठवडे लोटले की उरलेल्या कर्कपेशी अधिक वेगाने वाढू लागतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या विदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हिशेबानुसार, त्यानंतरचा प्रत्येक जास्तीचा दिवस सुमारे ०.६ ग्रे खाऊन टाकतो. रोज दोन ग्रेची मजुरी मिळवावी आणि त्यांतले सहा दशांश सावकाराने ओढून न्यावेत, असा हा प्रकार आहे. आणि घरी बसलेल्या दिवशीही सावकाराचा तगादा चालूच राहतो. गणपतीला गावी जाऊन येतो, कापणी उरकून येतो, तोंड फार सोलले आहे म्हणून आठवडाभर विश्रांती घेतो, असे म्हणणारा रुग्ण काय गमावतो हे त्याला कुणी आकड्यांत सांगितलेले नसते. एखादा दिवस नाइलाजाने चुकलाच तर शनिवारी बोलावून, किंवा एकाच दिवशी निदान सहा तासांच्या अंतराने दोन बैठका देऊन तो भरून काढता येतो. त्यासाठी आपण चुकलो हे लपवून न ठेवता ताबडतोब कळवावे लागते.

आराखडा तयार झाला, सह्या झाल्या, तरी तो लगेच रुग्णावर वापरीत नाहीत. दुसऱ्या माणसाने स्वतंत्र रीतीने तो पुन्हा तपासावयाचा असतो, आणि गुंतागुंतीचा असेल तर प्लास्टिकच्या किंवा पाण्याच्या पुतळ्यावर किरण सोडून मात्रा मोजून पाहतात. हा सोपस्कार वाटेल. पण २००० साली पनामा देशातील एका कर्करोग-संस्थेत काय घडले ते ऐका. ओटीपोटाच्या उपचारात निरोगी भाग झाकण्यासाठी किरणांच्या वाटेत शिशाचे ठोकळे ठेवीत. आखणीचा संगणक चारच ठोकळे स्वीकारी आणि डॉक्टरांना पाचवा हवा होता. तेव्हा कर्मचाऱ्यांनी अनेक ठोकळे एकाच आकृतीत भरण्याची युक्ती काढली. संगणकाने ती बिनतक्रार घेतली आणि उपचाराचा वेळ जवळजवळ दुप्पट सांगितला. तो कागद तसाच यंत्रावर गेला. मार्च २००१ मध्ये चूक उघडकीस येईपर्यंत २८ रुग्णांना ठरल्यापेक्षा फार अधिक मात्रा मिळाली होती, आणि त्यांपैकी काहींना त्यामुळे प्राणास मुकावे लागले.

ही चूक पकडण्यास किती विद्या लागली असती? समजा, कोबाल्टचे यंत्र मिनिटाला दीड ग्रे देते. दहा सेंटिमीटर खोलीवर त्याचे सुमारे ५६ टक्के उरतात, म्हणजे मिनिटाला ०.८४. एका बाजूने एक ग्रे द्यावयाचा तर १ भागिले ०.८४, म्हणजे सुमारे एक मिनिट अकरा सेकंद. ठोकळ्यांमुळे यात थोडी वाढ होईल. कागदावर सव्वादोन मिनिटे छापून आली की हे काहीतरी विपरीत आहे, असे पेन्सिलीच्या दोन ओळींत दिसते. कोबाल्टची शक्ती दरमहा सुमारे एक टक्क्याने घटते. म्हणून हा वेळ महिन्या-महिन्याला सेकंदभर वाढवावा लागतो, आणि तेवढ्यासाठीही तारखेसह नोंद ठेवण्याची शिस्त आहे.

त्या आठ दिवसांत रुग्णाने रिकामे बसावयाचे नसते. जबड्याजवळ किरण पडणार असतील तर दंतवैद्याला दाखवून किडलेले दात आधीच काढून घ्यावेत आणि जखम भरू द्यावी. किरण घेतलेल्या हाडातला दात नंतर काढला तर जखम चिघळून हाड सडण्याचे भय असते. तंबाखू आणि विडी त्याच दिवशी बंद करावी. आणि अंगावर मांस टिकेल असे खावे. शेवटची सूचना शक्तीसाठी आहेच, पण आखणीसाठीही आहे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात गिळणे अवघड होऊन वजन उतरते, गाल बसतात, गाठही आक्रसते; मुखवटा सैल होतो आणि आतली मान हलू लागते. ज्या देहाचा आराखडा काढला होता तो देह आता राहिलेला नसतो. रोज घेतल्या जाणाऱ्या तपासणी-चित्रांत हे दिसून आले, की तंत्रज्ञ डॉक्टरांना वर्दी देतात. मग नवा मुखवटा, नवा स्कॅन, पुन्हा त्या तीन सीमा आणि पुन्हा तो आलेख. दरम्यान जुन्या आराखड्यावर उपचार चालू ठेवतात, आणि नवा तपासून सही झाला की राहिलेले दिवस त्यावर पुरे करतात.